भंडाऱ्याची पार्टी पोहे खाऊन गेली

सरकारी नोकरीत असताना मी पुष्कळ पोरांना पास-नापास केलं. माझी स्वतःची तोंडी परीक्षा मात्र एकदाच झाली, तीही माझ्याच घरात. परीक्षक माझ्याच खुर्चीत बसला होता, माझ्याच बायकोच्या हातचा चहा बशीत ओतून पीत होता, आणि त्याने एकच प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने माझी अशी भंबेरी उडाली की आज निवृत्तीनंतरही ती गोष्ट आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी निघतेच. संपादकांनी माझ्याकडे ‘प्रदीर्घ सेवेचा आढावा’ मागितला होता. तो माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि तो वाचून कुणाची दिवाळी गोड झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून त्याऐवजी हे लिहितो आहे.

आधी काम समजून घ्या, कारण ते आमच्या कुंदालाही, म्हणजे माझ्या बायकोला, अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना ‘हे कोर्टात असतात’ असं सांगायची आणि शेजारणी माझ्याकडे भावाचा जामीन मागायला यायच्या. तर एखाद्या तरुण पोराच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला आणि तुरुंगात घालून याचं वाटोळंच होईल असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतात आणि घरी पाठवतात. याला परिवीक्षा म्हणतात. बंधपत्राची मुदत नीट पार पडली की प्रकरण संपलं. मध्येच पाय घसरला की पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं आणि शिक्षा भोगायची. या मुदतीत पोरगा रिकामा राहू नये म्हणून त्याला काहीतरी हुन्नर शिकवायचा, अशी योजना होती. शिकवणारे वेगळे, नजर ठेवणारे वेगळे. शिकवल्याचा उपयोग झाला का, हे सहा महिन्यांनी जाऊन तपासणारा मी. माझ्या हातात बेचाळीस रकान्यांचा फॉर्म असायचा. माझे वडील विणकर होते. लुगडं पारखायचं असलं की ते आधी उलटं करून बघत. मला सरकारने सुलटी बाजू तपासायलाच बेचाळीस रकाने दिले होते.

योजनेच्या तऱ्हा काय सांगाव्यात! एका वर्षी कुठल्याशा खात्याकडे शिलाई मशीन उरल्या, म्हणून नाकाडोंगरीकडच्या चार दांडग्या पोरांना ब्लाउज शिवायला शिकवलं. मारामारीच्या प्रकरणातले होते चौघंही. त्यातला एक आता दंडारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या, नाच्यांचे कपडे शिवतो आणि त्याच्याकडे हंगामाआधी नंबर लावावा लागतो. म्हणजे योजना यशस्वीच म्हणायची, पण त्यात खात्याच्या दूरदृष्टीचा भाग किती हे मी सांगू शकत नाही. आणखी एका वर्षी नागपूरहून एक मॅडम व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला आल्या आणि त्यांनी प्रत्येकाला टाय बांधायला लावला. मागच्या बाकावरचा एक जण कळवळून म्हणाला, “मॅडम, जेल चुकवून आलो मी, अन तुमी इथं गऱ्यात फास टाकून राहिल्या!” मी त्या वर्गाचं मूल्यमापन ‘सहभाग उत्स्फूर्त’ असं केलं.

पण माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली आहे, ती टाळून पुढे गेलो तर पुढचं कळणार नाही. सुरुवातीला मला ऑफिसची जीप मिळायची. तिच्या कपाळावर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेलं. आमच्याकडे वायरमनचं काम शिकलेला एक मुलगा एका राइस मिलमध्ये लागला होता. मी जीप सरळ मिलच्या फाटकात उभी केली, मालकापुढे फाइल उघडली आणि हमालांसकट सगळ्यांच्या देखत विचारलं, “परिवीक्षाधीन अमुक अमुक इथेच कामाला आहे ना?” मालकाने मुलाची तोंडभरून तारीफ केली. मी ‘वागणूक उत्तम, रोजगारात टिकून’ असं लिहून आनंदाने परतलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या मुलाचा फोन आला. “सर, मले काढून टाकलं. शेठ म्हने, तू चांगला हायेस, पन पोलिसची गाडी माह्या दारात नाही पाहिजे.” ती पोलिसांची गाडी नव्हती हे समजावायला मी मालकाकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा जीपनेच गेलो, एवढी माझी अक्कल. मुलगा काम शोधत रायपूरकडे निघून गेला. कागदावर तो आजही यशस्वी आहे. मला त्याची आठवण आली की अजूनही जेवण गोड लागत नाही, कारण त्याचं बस्तान त्याने बसवलं होतं आणि उठवलं मी.

तेव्हापासून मी जीप सोडली. एसटीने जायचं, साधा शर्ट-पँट घालायचा, फाइल पिशवीत तळाशी आणि वर कोथिंबिरीची जुडी. कुणाला ऑफिसचं नाव सांगायचं नाही. आणि या शहाणपणातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

होमराज (नाव बदललं आहे, आणि गावाचं नाव सांगत नाही, सिहोऱ्याकडचं आहे एवढंच) एकोणीस वर्षांचा असताना दोन मित्रांबरोबर शेतातल्या पंपांची केबल कापून आतलं तांबं विकायला निघाला होता. तिकडे दूर, बापाच्या गावी. पकडला गेला. मामाने हमी घेतली आणि त्याला आपल्या गावी आणून ठेवलं. आमच्या निवड समितीने या मुलाला कोणतं प्रशिक्षण द्यावं? पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची. ज्या वस्तूपायी पोरगा कोर्टात गेला तीच त्याच्या हातात किलोकिलोने दिली. समितीत मीही होतो. चहा येईपर्यंत आमच्या कुणाच्या हे लक्षातच आलं नाही. शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच महिन्याच्या शेऱ्यात लिहिलं, ‘तार सोलण्याचा पूर्वानुभव उत्तम’. पण पोराचा हात खरोखर चांगला होता. मामाच्या गावातल्याच एका शेठच्या दुकानात तो लागला. धानाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटार जळाली की शेतकरी आधी होमराजला शोधायचे. त्याच्या कोर्टाच्या भानगडीचा मामा-मामीखेरीज गावात कुणाला पत्ता नव्हता, शेठलाही नव्हता.

मी त्याच्या तपासणीला गेलो तो दिवस नेमका मंडईचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाळणे, दंडार, आणि घरोघरी पाहुणे. सगळे सोयरेधायरे जमलेले असतात, त्यामुळे लग्नाच्या पोरापोरींची पाहणीही त्यातच उरकून घेतात. इस्त्रीचा शर्ट घातलेला अनोळखी माणूस मंडईत एखाद्या तरुणाची चौकशी करू लागला, तर तो कोण हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मी याच जिल्ह्यात जन्मलो, माझंही लग्न मंडईतच ठरलं. तरी मला हे सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात अहवालाची शेवटची तारीख होती.

दुकान अर्थातच बंद होतं. शेजारी शंकर नावाच्या माणसाचा पानठेला होता. मी पान सांगितलं आणि सहज विचारावं तसे रकाने विचारू लागलो. होमराज रोज कामावर जातो का? पितो का? संगत कशी आहे? घरी कोण कोण? कुणाशी भांडण-तंटा?

शंकरचा कात लावायचा हात थांबला. त्याने मला आपादमस्तक पाहिलं.

“पाहुने कुठचे?”

“भंडाऱ्याचा.”

“असं म्हना ना बाप्पा!” तो ठेल्यातून अर्धा बाहेर आला आणि पाळण्यांच्या गोंगाटातही ऐकू जाईल असा ओरडला, “अरे, होमराजच्या मामाले सांगा, भंडाऱ्याची पार्टी आली टुरा पाहाले!”

त्या क्षणी मी ‘नाही हो, तसं नाही’ असं म्हणायला हवं होतं. पण मग कसं, ते सांगावं लागलं असतं, आणि मला राइस मिल आठवली. मी पान तोंडात कोंबलं आणि मान हलवली.

पुढे सगळं आपोआप झालं. माझं नाव आणि भंडाऱ्यातला मोहल्ला विचारत मामाने मला हाताला धरून घरी नेलं. पाय धुवायला पाणी आलं, खुर्चीवर धुतलेला टॉवेल आला, आणि ताटभर पोहे आले. शेजारपाजारचे न बोलावता साक्षीला आले. एरवी मला एक रकाना भरायला तासभर घासाघीस करावी लागते, आणि इथे लोक मला बोलू देत नव्हते. “टुरा सोन्यावानी हाये,” एक बाई म्हणाली. एका म्हाताऱ्याने तर छातीवर हात ठेवला. “दारूचं नावच घेऊ नोका. मी सोता त्याले पाजाले गेलो होतो, तरी नाही प्याला!”

मग होमराजला आणलं. नवा शर्ट, ओले केस, कपाळावर टिळा. दारातून वाकून आत आला आणि त्याने मला पाहिलं. प्रशिक्षण केंद्रात त्याने मला दोनदा पाहिलेलं होतं. बिचाऱ्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. मामी कौतुकाने म्हणाली, “लाजून राहिला.”

“इचारा, काय इचाराचं थे,” मामा म्हणाले.

मी तरी काय करणार? फॉर्म विचारला. किती वाजता जाता, काय शिकलात, अडचण काय येते, पुढे काय करायचं मनात आहे. त्याने खाली मान घालून सगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तराला मागून पसंतीचे हुंकार आले. स्वतःचं दुकान टाकायचं आहे असं तो म्हणाला तेव्हा मामीने डोळ्याला पदर लावला. शेवटी मामाने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. आमचं प्रमाणपत्र! वर योजनेचं नाव, मध्ये होमराजचं, आणि खालच्या ओळीत, जिथे आमच्या खात्याने ‘परिवीक्षाधीन गुन्हेगार युवकांसाठी’ असं छापलं होतं, बरोबर तिथे काचेवर गणपतीचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं. मी गणपतीला नमस्कार केला. ती ओळ काढून टाका असं मी आधीही दोनदा लिहिलं होतं. पुढच्या वर्षी ती ठळक अक्षरांत आली होती.

‘कळवतो’ असं सवयीने म्हणून मी निघालो, आणि होमराज मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. बस दिसल्यावर म्हणाला, “सर, चार महिने राहिले बंधपत्राचे. मी नापास झालो का?”

“नापास कशाला होशील?”

“दुकान बंद होतं नं. तुमाले मी कामावर भेटलो नाही.”

फॉर्मचा नियम त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. सतराव्या रकान्यात ‘भेटीच्या वेळी प्रत्यक्ष कामावर आढळला का?’ असा प्रश्न होता, आणि त्यापुढे ‘नाही’ लिहिलं की बाकीचे एकेचाळीस रकाने काहीही म्हणोत, संगणक ‘असफल’ काढायचा. तसाच काढला. मी समासात लिहिलं, मंडईनिमित्त दुकान बंद होतं. वरच्या ऑफिसने कळवलं, सण विचारात घेण्याची तरतूद नाही, पुन्हा भेट द्यावी. आता पुन्हा भेट कशी देणार? दुसऱ्यांदा गेलो असतो तर गावाने सुपारीच फोडली असती. शेवटी मी जळक्या मोटारीचा मालक बनून दुकानात फोन केला. शेठ म्हणाले, “आना नं मोटार, होमराज इथंच हाये, बोला त्याच्यासंग.” मी अहवालात लिहिलं, ‘दूरध्वनीवरून प्रत्यक्ष कामावर आढळला’. त्या वाक्याला वरून एका अक्षराचीही हरकत आली नाही, आणि होमराज यशस्वी झाला. मी स्वतःवर खूश झालो.

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, दारात एक गृहस्थ उभे. धोतर, डोक्याला टापर, हातात काकडीची पिशवी. नाव रतिराम, आंबागडकडचे शेतकरी. भंडाऱ्यात आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात दारोदार विचारत आले होते. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “मंडईत तुमी होमराजले पाहून आले. पोहे खाल्ले. कळवतो म्हनले, अन मंग निरोपच नाही. माही टुरी त्याले द्याचं चालू हाये. पन गावभर लोक बोलून राहिले, भंडाऱ्याच्या पार्टीनं सोडला म्हंजे कायतरी खोट असन. आता त्याचा शेठबी इचारून राहिला, का खोट हाये म्हनून. तं मी म्हनलं, ज्यानं सोडला त्यालेच इचारू. तुमच्या टुरीसाठी काहून नाही केला?”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. कुंदा दारात येऊन उभी राहिली. आम्हाला दोन मुलगे आहेत.

“कोणती मुलगी?” तिने मला विचारलं. “कोणाची मुलगी?”

तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मी दोन्हीकडून अडकलो. सांगावं तर होमराजचं गुपित फुटतं आणि लग्न मोडतं. न सांगावं तर खोट असल्याची आवई उठून शेठ खोदत बसणार, दुकान जाणार, आणि बंधपत्राचा शेवटचा महिना बाकी. राइस मिलच्या पोराला मी जीपने बुडवलं होतं, याला मी एसटीने जाऊन बुडवत होतो.

“मी मुलीकडचा नव्हे,” मी चाचरत म्हणालो, “मी एका ऑफिसचा माणूस. त्याच्या ट्रेनिंगच्या.”

“म्हंजे थे कोर्टाचं का?” रतिरामजी अगदी सहज म्हणाले.

मी कुंदाकडे पाहिलं.

“थे त्यानं सांगतलं मले. आमी पाहाले गेलो, पोहे आले, तं त्यानं भिंतीवरचा फोटू उतरवला अन आमच्यासमोर गनपतीचं स्टिकर नखानं खरडून काढलं. म्हने, बाबूजी, आधी हे वाचा, मंग पोहे खा. मामी तं रडाले लागली.” त्यांनी बशी खाली ठेवली. “चोरी केली, सांगतलं. त्याचं मी पाहून घेईन. पन तुमी तं त्याले माह्या आधीपासून पाहून राहिले. मले एकच सांगा. तुमची टुरी असती, तं देली असती का?”

मी घसा साफ केला. “हजेरी समाधानकारक आहे. कौशल्य चांगलं आहे. वागणुकीबद्दल तक्रार…”

“थे सरकारले सांगजा,” ते म्हणाले. “टुरी देली असती का?”

इतकी वर्षं मी तरुण पोरांचं मूल्यमापन केलं, आणि हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मला लाजच वाटली. बेचाळीस रकान्यांतून मी त्या पोराबद्दल जे गोळा केलं होतं त्यातलं काहीही इथे उपयोगाचं नव्हतं. मला फक्त बस थांब्यावरचा होमराज दिसत होता, स्वतःच स्वतःला सतराव्या रकान्यात नापास करणारा. आणि आता हे नखाने खरडलेलं स्टिकर.

“दिली असती,” मी म्हणालो.

“नसलेली मुलगी द्यायला काय जातंय!” कुंदा म्हणाली.

“असती तरी दिली असती,” मी जरा जोरातच म्हणालो. कुंदाने माझ्याकडे पाहिलं आणि ती दुसरा चहा टाकायला गेली.

रतिरामजींचं समाधान झालं, पण गावाचं काय? मी सोडला का, हे गावाला सांगायला हवं, आणि ऑफिसचं नाव तर काढता येत नाही. तोडगा कुंदाने आतून सांगितला. “जाऊन सांगा, आम्हाला मुलगीच नाही. खरं तेच सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेलो. शंकरच्या ठेल्यावर दहा-बारा जण होते. मी सर्वांसमोर सांगितलं की टुऱ्यात काही खोट नाही, मला मुलगीच नाही.

शंकरने विचारलं, “मंग पाहाले कायले आलते?”

“पोहे फार आवडतात मला.”

दोन्ही वाक्यं खरी होती. सरकारी नोकराने खोटं बोलू नये, ते मी पाळलं. ठेल्यावर जो हशा उसळला तो मी बसमध्ये बसेपर्यंत थांबला नव्हता. तासाभरात गावाची खात्री पटली की होमराज निर्दोष आहे आणि भंडाऱ्याचा एक माणूस पोरगी नसताना मंडयांमधून पोरं पाहत, फुकटचे पोहे खात फिरतो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मला ‘निष्कलंक चारित्र्याचे अधिकारी’ म्हटलं, तेव्हा ते सिहोऱ्याकडे कधी गेले नसावेत एवढंच माझ्या मनात आलं.

बंधपत्राची मुदत काही खळखळ न होता संपली. वैशाखात लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी मामाकडच्या स्वागत समारंभाला आम्ही दोघंही गेलो. मांडवात शिरतो न शिरतो तोच शंकरने आरोळी ठोकली, “पोहेवाले पाहुने आले!” सारा मांडव वळून पाहू लागला. जेवणात मठ्ठा, बुंदी, सगळं होतं, पण मामी माझ्यासाठी वेगळं ताट घेऊन आली. त्यात पोहेच होते, कढईतून आत्ताच काढलेले. कुंदा हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली होती.

आम्ही आहेर द्यायला स्टेजवर गेलो. होमराज पाया पडायला वाकला आणि उठताना माझ्या कानाशी थांबला.

“सर,” तो हळूच म्हणाला, “दुकान आज बंद हाये. लिहून नोका घेऊ.”